दुपारी बघितलेला दिवा

"लागला?" हिंदूतात्यांनी जीपमधून विचारलं.

मी जीपच्या पुढं कपाळावर हात धरून उभा होतो. दुपारचा एक वाजला होता. बंपरवर नुकतेच बसवलेले दोन गोल फोकस त्या उन्हात जेमतेम पिवळे झालेले दिसत होते.

"लागला," मी म्हणालो.

तात्यांनी स्टिअरिंगखालची दांडी हलवली. "गेला?"

"गेला."

असं तीनदा झालं. दांडीबरोबर फोकस लागत होते, दांडीबरोबर जात होते. मला तेवढंच बघायचं होतं. मी बोनेट आपटून बंद केलं, कापसाच्या बोळ्यानं हात पुसले आणि काम झालं म्हणून सांगितलं. तात्यांची तीन बाजारकरी माणसं पिशव्या घेऊन मागच्या सीटवर कधीपासून घामाघूम होऊन बसली होती. तात्या निघाले, आणि मी भाकरी खायला बसलो. पुढं जे घडलं त्याची सगळी मुळं या दोन मिनिटांत आहेत, पण त्या भाकरीची चव काही बिघडली नव्हती.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मलकापूरला बाजाराच्या रस्त्यावर मी वायरिंगचं दुकान टाकून सात महिने झाले होते. त्याआधी आठ वर्षं कोल्हापुरात इस्माईल मिस्त्रींच्या हाताखाली होतो. मला लहानपणापासून नस्त्या उठाठेवीची खोड. घरचा रेडिओ बोलतो कसा हे बघायला मी तो उघडला आणि त्यानंतर तो कधी बोलला नाही. वडिलांनी बदडलं, पण मिस्त्रींना ही खोड आवडली. ते म्हणायचे, तार खोटं बोलत नाही, आपण प्रश्न चुकीचा विचारतो.

मिस्त्रींचा एक नियम होता, त्यावरून गिऱ्हाइकं वैतागायची. दिव्याचं काम सकाळी दहाला उरको, गाडी दिवेलागणीशिवाय द्यायची नाही. दिवे लागायच्या वेळी गाडी समोरच्या वखारीच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभी करायची, प्रत्येक दिवा भिंतीवर कुठं पडतो ते बघायचं आणि मगच किल्ली हातात. लोक म्हणायचे, मिस्त्री, दुपारी काय दिवा लागत नाही काय? ते म्हणायचे, लागतो की, पण दिसत नाही. स्वतःचं दुकान टाकल्यावर मी हा नियम चार महिने पाळला. मग गिऱ्हाईक शेजारच्या गावातल्या दुकानात जायला लागलं, आणि मी तो गुंडाळून ठेवला.

हिंदूतात्या म्हणजे हिंदुराव सावेकर, आंबर्डेवाडीचे. मलकापूरपासून बारा मैल, शेवटचे चार मैल खिंडीतले. त्या वाडीला एसटी दिवसातून एकदाच जायची, बाकी सगळा भार तात्यांच्या जीपवर. बाजारकरी तीच नेणार, शाळेच्या मुली तीच नेणार, आणि बाळंतीण अडली तर तीच. जीप होती जपानी, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या लिलावातली. तात्या तिला बायकोपेक्षा जास्त जपतात असं त्यांची बायको म्हणायची. खिंडीत त्या वर्षी गवे रस्त्यावर येऊन उभे राहायला लागले होते, आणि या जपानी बाईचे दिवे म्हणजे नुसते मिणमिणते. म्हणून हे दोन फोकस.

फोकस कसे जोडतात ते थोडक्यात सांगतो. गाडीच्या दिव्याचे दोन उजेड असतात. लांबचा तो अपर, आणि समोरून कोणी आलं की त्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून खाली पाडायचा तो डिपर. फोकस असे जोडायचे की अपर लागला तरच ते लागावेत आणि डिपर मारला की आपोआप जावेत. त्यासाठी अपरच्या तारेवरून एक बारीक तार काढून रिले नावाच्या डबीला द्यायची आणि डबीची दुसरी तार गाडीच्या पत्र्याला. अपरच्या तारेत करंट आला की डबी खटकन आवाज करते आणि फोकसना बॅटरीतून ताकद देते. असली दोनेकशे कामं मी डोळे झाकून केली होती. हेही तसंच केलं.

आठ दिवसांनी वाडीचा एक दूधवाला मोटरसायकलचा हॉर्न दुरुस्त करायला आला. त्याच्याकडून कळलं की तात्यांची जीप त्या गुरुवारपासून जागची हललेली नाही, आणि येत्या रविवारी तात्या आणि दत्तू गुरव देवळात भंडारा उचलणार आहेत.

मी हातातला हॉर्न खाली ठेवला. भंडारा उचलायचा म्हणजे खंडोबापुढच्या ताटातली हळद मुठीत घेऊन बोलायचं. त्या मुठीनं जो खोटं बोलेल त्याचं घर बुडतं, ही त्या भागातली समजूत. पोलीस, कोर्ट यांच्यापुढं सराईतपणे थापा मारणारी माणसंही भंडाऱ्याचं नाव काढलं की गप्प होतात. आणि तात्या आणि गुरव म्हणजे वाडीतली जोडी. एकाच वर्षी शाळेत गेले, एकाच वर्षी शाळेतून पळाले. गुरव देवळात पूजा करायचे आणि तात्या रोज सकाळी जीप बाहेर काढण्याआधी त्यांच्याकडून कपाळाला भंडारा लावून घ्यायचे.

झालं होतं ते असं. त्या गुरुवारी, मी फोकस बसवले त्याच दिवशी, तात्या बाजारकरी वाडीत सोडून दिवेलागणीला रिकामी जीप घेऊन खाली निघाले. खिंडीतल्या वळणावर समोरून गुरव आपल्या लुनावर येत होते. गुरव म्हणत होते, "मला बघून त्यानं सगळे दिवे तोंडावर मारले. नवीन दिवे दाखवायची हौस. मला काही दिसंना, मी गटारीत गेलो." गुरवांची नडगी मोडली होती. तात्यांनीच त्यांना उचलून जीपमध्ये घातलं आणि कोल्हापूरला नेलं. पण तात्या म्हणत होते, "मी डिपर मारला. दत्तूला बघून मी डिपर मारला, खंडोबाची आण." आणि दूधवाला हसत म्हणाला की तात्या अजून एक भलतंच सांगतात. डिपर मारल्यावर म्हणे उजेड वाढला.

वाडीनं ते ऐकून कपाळाला हात लावला. डिपर मारल्यावर उजेड वाढतो काय? गुरव कधी खोटं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, म्हणजे तात्याच खोटे. लोक त्यांच्या जीपमध्ये बसायला तयार होईनात. शाळेच्या मुली चार मैल चालायला लागल्या. तात्यांनीही जीपवर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, निकाल लागेपर्यंत मी चाकाला हात लावणार नाही.

दूधवाला गेला आणि मी विचार करत बसलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला दया आली नाही की भीती वाटली नाही. मला फक्त कुतूहल वाटलं. दोन माणसं, दोघंही खरं बोलणारी, आणि दोघांचं खरं एकमेकांच्या उलट. तार खोटं बोलत नाही. मग इथं प्रश्न कुठं चुकला होता?

शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी एसटीनं वाडीत गेलो. तात्या घरामागच्या चिंचेखाली बाजेवर बसले होते. आठ दिवसांत माणूस उतरला होता. मला बघून त्यांनी मुलाची चौकशी केली, दुकानाची केली, पण जीपचं नाव काढलं नाही. मीच विचारलं, त्या दिवशी खिंडीत उतरताना फोकस कसे वाटले?

तात्या जरा अवघडले. मग म्हणाले, "तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई बघ. पण वरनं उतरताना अपर टाकला तवा मला वाटलं, ह्येच्यासाठी एवढा खटाटोप केला व्हय? पहिल्यापरीस काय जास्त दिसंना. म्हटलं, सांजचं अजून उजेड हाय, म्हणून आसंल."

अपर टाकला आणि काही वाढलं नाही. डिपर मारला आणि वाढलं.

तात्यांना गुरवांच्या दारात बैठकीला बोलावणं आलं होतं, ते टोपी घालून निघाले. मी म्हणालो, जीप बघतो जरा. ते म्हणाले, बघ की, आता बघून काय करायचं हाय. त्यांची बायको, हौसाकाकू, आत चूल पेटवत होत्या. मी ताडपत्री ओढली. समोर गोठ्याची चुन्यानं सारवलेली भिंत होती आणि सूर्य डोंगराआड गेला होता. मिस्त्रींना हवी असायची तीच वेळ, तसलीच भिंत.

मी जीपमध्ये बसलो, दिवे लावले आणि दांडी अपरला नेली. डायलवर अपरची निळी खूण लागली. भिंतीवर जपानी बाईचा तोच मिणमिणता उजेड. फोकस बंद. मग मी डिपर मारला. रिलेनं खटकन आवाज केला आणि भिंत अशी पेटली की गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

मी पुन्हा अपर केलं. अंधारलं. पुन्हा डिपर. पेटलं. मला आठवतंय, मी चक्क हसलो. आठ वर्षांत असं काही बघितलं नव्हतं. खाली उतरून बोनेट उघडलं, टेस्टिंगचा बल्ब काढला आणि एकेक तार बघायला लागलो, आणि दहा मिनिटांत सगळं उमगलं.

आपल्याकडच्या गाड्यांत नळाची चावी टाकीजवळ असते असं समजा. चावी सोडली की पाईपमध्ये पाणी येतं. त्या जपानी जीपमध्ये चावी पाईपच्या शेवटच्या टोकाला होती. दिवे लावले की पाईप सगळा भरून उभा, आणि अपर टाकायचा म्हणजे शेवटची चावी सोडून पाणी वाहू द्यायचं. चावी बंद असेपर्यंत पाईपमध्ये जोर, चावी सोडली की जोर गेला. म्हणजे अपर बंद असताना अपरच्या तारेत करंट, आणि अपर लागला की नाही. मी त्याच तारेला डबी जोडली होती. डबीनं बिचारीनं इमानानं उलटं काम केलं. भर दुपारी मी फोकस लागताना बघितले, जाताना बघितले, पण दांडी तेव्हा कुठल्या बाजूला होती हे मी विचारलं नाही आणि उन्हात जीपच्या मूळ दिव्यांचा अपर कोणता नि डिपर कोणता हे कळायची सोय नव्हती.

तात्यांनी दत्तूला बघून डिपर मारला होता. दत्तूच्या तोंडावर सगळे दिवे पेटले होते. उजेड वाढलेला बघून तात्यांनी घाबरून दांडी पुन्हा पुन्हा हलवली असणार, आणि दर दोन झटक्यांत एकदा त्यांनी आपल्या मित्राचे डोळे दिपवले. दोघंही खरे. खोटा एकटा मी.

इथवर आल्यावर माझं हसू गेलं.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दुरुस्ती एका तारेची होती. पत्र्यावरची तार काढून दिव्याच्या भरल्या तारेला लावायची, झालं. मी पकड काढली आणि पत्र्यावरचा स्क्रू सैल केला. कोणी बघत नव्हतं. उद्या देवळात कोणाला शंका आलीच तर जीप तपासतील आणि फोकस अगदी शहाण्यासारखे वागतील. सात महिन्यांचं दुकान, बायकोच्या पाटल्या मोडून आणलेली अवजारं, वर्षाचं पोर. वायरमनच्या हातून माणसाचा पाय मोडला ही बातमी मलकापूरच्या बाजारात अर्ध्या तासात फिरली असती. तार माझ्या दोन बोटांत होती.

तेवढ्यात हौसाकाकू चहा घेऊन आल्या. बशी माझ्या हातात देऊन तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना दिव्यातलं काही कळत नव्हतं, पण मला कळतं एवढं त्यांना ठाऊक होतं.

"दादा, तुमी तरी सांगा," त्या म्हणाल्या. "डिपर मारल्यावर उजेड वाढंल व्हय? ह्ये आता काय म्हणत्यात ठावं हाय का? म्हणत्यात, दत्तू काय खोटं बोलायचा न्हाई. मग माझंच डोस्कं फिरलंय. उद्या देवाला सांगतो, माझंच चुकलं म्हणून."

तात्या भंडारा हातात घेऊन, न केलेली चूक कबूल करणार होते. का, तर मित्र खोटा ठरू नये म्हणून. मी बशी बोनेटवर ठेवली, तार होती तिथं परत लावली आणि स्क्रू पिळून घट्ट केला. काकूंना फक्त एवढंच म्हणालो की उद्या दिवेलागणीला येतो, तात्यांना सांगा मी आल्याशिवाय मुठीत काही घ्यायचं नाही. तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण जीभ रेटली नाही, आणि दुपारी आलेली एसटी परत निघत होती.

रविवारी देवळापुढं सगळी वाडी जमली होती. गुरवांना बाजेसकट उचलून आणलं होतं, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. तात्या खांबाला टेकून खाली मान घालून उभे होते. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. गाभाऱ्यापुढं पाटावर भंडाऱ्याचं ताट मांडलेलं होतं.

मी पोलीसपाटलांना म्हणालो की ताटाला हात लावायच्या आधी जीप इथं आणायला सांगा, देवळाच्या भिंतीकडं तोंड करून. तात्या म्हणाले, मी चाकाला शिवणार नाही. मग मीच जाऊन आणली. दिवे लावले, अपर केला आणि पाटलांना आत बसवून निळी खूण दाखवली. ह्यो अपर. भिंतीवर मिणमिणता उजेड. "आता तुम्हीच डिपर मारा," मी म्हणालो.

पाटलांनी दांडी हलवली. देवळाची भिंत कळसापर्यंत पांढरी झाली. बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. पाटलांनी पुन्हा हलवली, पुन्हा हलवली, मग दांडी सोडून देऊन माझ्याकडं बघत राहिले.

"तात्यांनी डिपरच मारला होता," मी म्हणालो. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आणि गुरवअण्णांच्या तोंडावर सगळे दिवे आले, हेबी खरं. तार उलटी मी जोडली. भर दुपारी बघितली, आणि बरोबर म्हणून गाडी दिली. अण्णांचा पाय माझ्यामुळं मोडला."

एक म्हातारा मागून पुटपुटला, असल्याच्या हातात गाडी द्यायची काय. ते ऐकायची माझी तयारी होती. मी गुरवांकडं बघत होतो. ते त्या पेटलेल्या भिंतीकडं बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आता हिथं नीट करता येतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, दहा मिनिटं.

"मग कर. सगळ्यांच्या म्होरं कर."

मी पकड काढली. आदल्या दिवशी हळूच सैल केलेला तोच स्क्रू आता शंभर माणसांसमोर काढला, तार उचलली, भरल्या तारेला जोडली, टेप गुंडाळली. दहाची वीस मिनिटं लागली. तोवर चांगलं अंधारून आलं होतं. मी बोनेट लावून जीपच्या पुढं जाऊन उभा राहणार, तोच गुरव म्हणाले, "तू बाजूला हो. माझी बाज घ्या तिथं."

लोक म्हणाले, अण्णा, कशाला. ते ऐकेनात. चौघांनी बाज उचलून जीपच्या समोर, पंचवीस पावलांवर ठेवली, डोकं उंच करून, तोंड दिव्यांकडं. मग त्यांनी हाक मारली.

"हिंदूऽ, बस की गाडीत."

दहा दिवसांत त्या दोघांतला तो पहिला शब्द होता. तात्या खांबापासून निघाले. चालताना त्यांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले. जीपमध्ये बसले आणि चाकावर दोन्ही हात ठेवले. मग अपर टाकला. बाजेवरचं गुरवांचं तोंड, पांढरं प्लास्टर, उशाशी बसलेली नात, सगळं लख्ख उजळलं. गुरवांनी डोळे मिटले नाहीत.

तात्यांनी डिपर मारला.

"गेला?" त्यांनी जीपमधून विचारलं.

अंधारात आम्हाला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. सगळी वाडी वाट बघत उभी होती.

"गेला रं," गुरव म्हणाले. "ये आता खाली."

ताटातला भंडारा त्या दिवशी कोणी उचलला नाही. गुरवांनी तो मागवून घेतला, बाजेवरूनच आधी तात्यांच्या कपाळाला लावला आणि मग मला वाकायला सांगून माझ्या. बोट टेकवून ठेवत म्हणाले, "दुपारी दिवा बघू नगंस."

आज माझं दुकान सव्वीस वर्षांचं झालं. समोरच्या गोदामाची भिंत मी दर दिवाळीला स्वतः चुना लावून पांढरी करतो. गिऱ्हाइकं अजून वैतागतात, दुपारी काय दिवा लागत नाही काय म्हणतात. मी त्यांना चहा पाजतो आणि बसवून ठेवतो.